सुरगाण्याचे जे. पी.

महाराष्ट्रात सर्वाधिक वेळा विधानसभेवर निवडून जाण्याचा मान सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांकडे जातो. अकरा वेळा! त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. पण नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या सुरगाणा तालुक्यातून सात वेळा विधानसभेत गेलेल्या जिवा पांडू गावितांबद्दल जिल्ह्याबाहेर फारसे कुणी बोलत नव्हते. २०१८च्या मार्चमध्ये हजारो माणसे लाल बावटे घेऊन कसारा घाट उतरली, तेव्हा कुठे राज्याने विचारले, हे जे. पी. गावित कोण?

गावित अलंगुणचे. सुरगाणा हे स्वातंत्र्यापूर्वीचे छोटे संस्थान, नंतर नाशिक जिल्ह्यात आले. कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती. पाऊस धो धो पडतो, नार आणि पार या नद्या इथल्या डोंगरांतून निघून पश्चिमेला समुद्राकडे धावतात, आणि मार्च उजाडला की बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. शेती नागली, वरई आणि भाताची. भात झोडून झाला की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात.

या माणसांचे सगळ्यात जुने दुखणे जमिनीचे. आजोबाने डोंगरउतारावर तुकडा साफ केला, बापाने कसला, नातूही कसतो. कागदावर मात्र ती जमीन वनखात्याची. ती कसणारा सरकारदप्तरी अतिक्रमणदार. पीक उभे असताना गार्ड येऊन उभा राहिला की काय करायचे, हा प्रश्न त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता. याच सह्याद्रीच्या पट्ट्यात, तलासरी-डहाणूकडे, १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. किसान सभेचा लाल बावटा तेव्हापासून या डोंगरांना ओळखीचा आहे.

१९७८ साली तरुण गावित मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे सुरगाण्यातून निवडून आले. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. त्या विधानसभेत माकपचे नऊ आमदार होते. पुढे ही संख्या घटत गेली आणि २०१४ साली गावित एकटेच उरले. मध्ये १९९५चा पराभव आहे, २००९चाही आहे, तरी माणसे त्यांना पुन्हा पुन्हा मुंबईला पाठवत राहिली.

या साऱ्या काळात ते एकदाही मंत्री झाले नाहीत. मंत्रिपद नाही, निधी ओढून आणायला सत्ता नाही, पक्ष तर राज्यात नाममात्र. अशा आमदाराला लोक का निवडून देतात? माझ्या मते उत्तर सरळ आहे. त्यांनी आमदारकीकडे मोर्चाचेच दुसरे टोक म्हणून पाहिले. तहसील कचेरीवर जी मागणी घेऊन जायचे, तीच सभागृहात मांडायची. सभागृहात दाद लागली नाही की परत लोकांना घेऊन रस्त्यावर यायचे.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला आणि त्याचे नियम २००८च्या आरंभी लागू झाले. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा हक्क मागता येतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो, वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. कायदा चांगलाच आहे. अडते ते खाली. ग्रामसभेची वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, अशा तीन पायऱ्या. पुरावे जमवताना म्हातारी माणसे मेटाकुटीला येतात. दावा एकरांत केलेला आणि पट्टा गुंठ्यांत आला, ही तक्रार तुम्हाला या पट्ट्यात सर्रास ऐकू येईल. पट्टा मिळाला तरी सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव नीट लागत नाही, आणि त्यावाचून पीककर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळेच अडते. गावितांच्या राजकारणाचा कणा म्हणजे हा सातबारा.

मतदारसंघांच्या फेररचनेत सुरगाणा मतदारसंघच गेला आणि तालुका कळवणला जोडला गेला. कळवण म्हणजे ए. टी. (अर्जुन तुळशीराम) पवारांचा गड. मंत्री राहिलेले, तालुक्यात धरणे-बंधारे उभारणारे नेते; पुनदच्या जलाशयाला अर्जुनसागर म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. २००९ला पवारांनी गावितांना हरवले, २०१४ला गावितांनी पवारांना. एकाने सत्तेत राहून पाणी आणले, दुसऱ्याने विरोधात राहून जमिनीसाठी भांडण केले. या दोन वाटांची तुलना अभ्यासकांनी करायला हवी, इतकी ती बोलकी आहे.

२०१४च्या नोव्हेंबरमध्ये सभागृहातल्या ज्येष्ठतेमुळे गावितांना हंगामी अध्यक्ष नेमण्यात आले. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले होते, सभागृह नव्या चेहऱ्यांनी भरले होते आणि २८८ जणांच्या विधानसभेत माकपचा जो एकच आमदार होता, त्याने सगळ्यांना शपथ दिली.

आता त्या मोर्चाकडे येऊ. ६ मार्च २०१८ला नाशिकच्या सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सभेचे नेते अशोक ढवळे, अजित नवले, किसन गुजर आणि आमदार गावित पुढे. निघताना सुमारे पंचवीस हजार माणसे होती, मुंबईत पोचेपर्यंत ती चाळीस-पन्नास हजारांवर गेली. अंतर १८० किलोमीटरच्या आसपास. यांत मोठा भाग सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडच्या आदिवासींचा, आणि त्यांत बायका किती! तळपायाची कातडी सोललेल्या म्हाताऱ्या आजींची छायाचित्रे देशभर गेली. शिधा गावागावांतून गोळा केलेला, रात्री उघड्या माळावर मुक्काम.

११ मार्चला मोर्चा शीवच्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी एवढी माणसे रस्त्यावर आली तर मुलांचा खोळंबा होणार, म्हणून दिवसभर चाललेली ही माणसे विश्रांती सोडून रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात पोचली. मुंबईकरांनी रस्त्यात पाणी, खाऊ, चपला दिल्या. ज्या मागण्यांवर वर्षानुवर्षे कागद फिरले, त्यांवर १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले; वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, हे त्यातले मुख्य. दमणगंगा, नार-पारच्या पाण्याचा प्रश्नही मागण्यांत होताच: आदिवासी गावे बुडू नयेत आणि इथले पाणी राज्यातल्या तहानलेल्या भागाला मिळावे.

सहा महिने उलटले, दावे तसेच राहिले. २०१९च्या फेब्रुवारीत मोर्चा पुन्हा निघाला आणि नाशिकजवळच बोलणी होऊन थांबला. २०२३च्या मार्चमध्ये तो दिंडोरीहून निघाला, तेव्हा गावित आमदार नव्हते, तरीही नेतृत्व त्यांचेच. या वेळी कांद्याच्या पडलेल्या भावाचा प्रश्न घेऊन बागायती पट्ट्यातले शेतकरीही सोबत होते. वाशिंदला तळ पडला, एका शेतकऱ्याने तिथे प्राण गमावला, आणि सरकारने कांद्याचे अनुदान क्विंटलला ३०० रुपयांवरून ३५० केल्यावर मोर्चा परतला. २०२४मध्ये पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली नोकरभरती रखडली म्हणून गावित नाशिकला उपोषणाला बसले.

कौतुकासोबत एक गोष्ट स्पष्ट मांडली पाहिजे. २०२२च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घाला अशी मागणी केली. पलीकडे रस्ते, पाणी, दवाखाना आहे, आमच्याकडे नाही, हे त्यांचे म्हणणे. इतकी वर्षे ज्या भागाने एकाच माणसाला निवडले, तिथे ही वेळ यावी, हे त्या माणसाच्याही खात्यात लिहावे लागेल. तरी दोष वाटताना हे विसरू नये की या सगळ्या वर्षांत तिजोरीची किल्ली दुसऱ्यांच्याच हाती होती.

२०१९ला ए. टी. पवारांचे चिरंजीव नितीन पवार यांनी गावितांना साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरवले, २०२४ला पुन्हा हरवले. पण या दुसऱ्या पराभवातही गावितांना लाखाहून अधिक मते पडली, म्हणजे डोंगरातला बावटा उतरलेला नाही.

विधानसभेची छापील कार्यवृत्ते ग्रंथालयात सुरक्षित आहेत, तिथे १९७८पासूनची गावितांची भाषणे सापडतील. पण सीबीएस चौकातून चालत निघालेल्या बायांनी काय पाहिले, कोणत्या गार्डाशी कसे भांडल्या, पहिला पट्टा हातात आला तेव्हा तो कुठे जपून ठेवला, हे कुठल्याही कार्यवृत्तात नाही. त्या बाया आता थकत चालल्या आहेत. नाशिकच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती आहे: येत्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन सुरगाण्याला जा, त्यांच्याजवळ बसा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.