पांढरीची चव

सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आणेवारी, तगाई आणि खडी फोडण्याच्या कामांच्या तपशिलाने दफ्तरांत भरून राहिला आहे. परंतु त्याच काळात येथील खिलार गुरे आणि धनगरांची मेंढरे माती का खात आली, याकडे खोड म्हणूनच पाहिले गेले, आणि वासराच्या तोंडाला मुसके बांधणे हाच त्यावर इलाज ठरला.

वास्तविक जनावर या बाबतीत विलक्षण चोखंदळ असते. भोवती काळ्या रानाची ढेकळे पडलेली असताना गाय पांढऱ्या मातीच्या भिंतीपाशी जाते, आणि तिच्यातही ओलीने जेथे लोणा फुटलेला असतो, नेमकी तीच जागा आपल्या खरखरीत जिभेने चाटून चाटून तेथे खळगा पाडते. गवतात आणि कडब्यात सोडियम अत्यल्प. उलट पिढ्यान्‌पिढ्यांची राख व गोमूत्र मुरलेल्या गावठाणाच्या या पांढऱ्या मातीत क्षार साचलेले. केनियातील एल्गॉन पर्वताच्या कितुम गुहेत काळोखात शिरून सुळ्यांनी भिंत खरवडणारे हत्ती याच ओढीने येतात. आणि 1979 साली माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळावरील काळविटांनाही गवतच खायचे असल्याने ही गरज चुकलेली नाही.

दुसरी उणीव स्फुरदाची. दक्षिण आफ्रिकेत हाडे चघळणाऱ्या गुरांचे हे दुखणे अर्नोल्ड थायलर यांनी 1920 च्या सुमारास उकलले आणि हाडांचा चुरा चारून ते आटोक्यात आणले. आपल्याकडील चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद चुन्याशी जखडलेला, आणि त्यावर पिकलेला कडबाही त्याबाबतीत दरिद्रीच; तथापि 1933 पासून सोलापुरात चाललेल्या कोरडवाहू संशोधनाचे मुख्य लक्ष, साहजिकच म्हणा, ओल आणि ज्वारी यांवर राहिले.

1972 सारख्या दुष्काळी वर्षी मात्र मातीशी जनावराचा संबंध निराळाच होतो. बोटभर खुरटे गवत मुळाशी कुरतडणाऱ्या मेंढराच्या पोटात माती न मागता जाते आणि दात झिजतात, हे न्यूझीलंडमध्ये 1960 नंतरच्या दशकात दाखवून देण्यात आले. दात पाहून मेंढराचे वय सांगणाऱ्या धनगराने अशा वर्षी आपल्या अंदाजावर विसंबू नये हे बरे.

चिकणमाती काही विषे शोषून घेते हे खरे, परंतु तिच्याबरोबर जंतांची अंडीही पोटात जातात. म्हणून भिंत चाटणाऱ्या जनावराला मारण्यापेक्षा जंताचे औषध, खनिज मिश्रण आणि गव्हाणीवर टांगलेली चाटण वीट हा सोपा मार्ग. पेंडीचे पैसे निमूट मोजणारा मालक या विटेला अद्याप चैन समजतो, याचे मला नवल वाटते.