खाटेवरच्या मित्राला उभे करताना



आपले एरंडोल महामार्गावरचे गाव. जळगावहून धुळ्याकडे जाणारी सगळी वाहतूक आपल्या दारावरून जाते. आपल्या वस्त्यांतले भाऊ सेंट्रिंगला जातात, ट्रक भरतात, रिक्षा चालवतात. बहिणी टेम्पोत उभ्या राहून कापूस वेचायला जातात. त्यामुळे अपघाताची बातमी आपल्याला नवी नाही. कोणाचे हाड मोडले की वस्ती धावते, वर्गणी होते, दवाखान्यात रक्त द्यायला पोरे रांग लावतात. हे आपले मोठे बळ आहे. पण माणूस घरी येऊन खाटेवर पडला की पुढचे चार-पाच महिने त्याच्यासोबत कोण असते? या वेळच्या आरोग्य पानावर त्याच दिवसांबद्दल लिहिते आहे.

चाळीसगावचा पूल

आपल्याच जिल्ह्यातली एक घटना आधी आठवू. साल 1929. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. लोकांच्या आग्रहावरून त्यांनी रात्री तिथेच मुक्काम करायचे कबूल केले होते. स्टेशनवर टांगे पुष्कळ होते, पण अस्पृश्य बसणार म्हणून एकही टांगेवाला टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. लोकांनी आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याने कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलाला कठडे नव्हते, कडेला फक्त दगड होते. त्या वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. बेशुद्ध अवस्थेत लोकांनी त्यांना रडत-ओरडत उचलून महारवाड्यात नेले. पाय मोडला होता. ते बरेच दिवस हिंडू-फिरू शकले नाहीत.

हे सारे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. टांगेवाल्याच्या मनातली जात त्यांनी उघडी केलीच. पण आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट लिहिली. पाहुण्याला पायी चालवणे लोकांना कमीपणाचे वाटले, पण मानापेक्षा त्याचा जीव सुरक्षित राहणे महत्त्वाचे आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही.

नर्स म्हणून मला ही ओळ फार जवळची वाटते. चाळीसगावच्या लोकांचे प्रेम खरे होते. कमी पडली ती माहिती. जखमी माणसाभोवती आजही हेच घडते. प्रेमापोटी कोणी मोडलेल्या पायाला मालिश करतो, कोणी 'डाळ खाऊ नको, टाके पिकतील' म्हणतो, कोणी दुःख विसरायला क्वार्टर आणतो. प्रेमाला माहितीची जोड हवी.

तथागतांनी सांगितलेले पाच गुण

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. मग बुद्धांनी भिक्खूंना समजावले की तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, एकमेकांची सेवा तुम्ही केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे ते म्हणाले. तिथेच चांगल्या सेवेकऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. नर्सिंगच्या डिप्लोमात मी जे शिकले ते थोडक्यात याच पाचांत बसते.

पहिला गुण : औषध देता येणे. डिस्चार्जचा कागद वाचा, नसेल कळत तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. कोणती गोळी कधी, टाके कधी काढायचे, पायावर भार कधी द्यायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. दुखण्याच्या गोळ्या जास्त झाल्या की पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. पट्टी बांधणारा हाडवैद्य कितीही नावाजलेला असो, रॉड किंवा प्लेट टाकलेल्या पायाला त्याचा हात लागू देऊ नका.

दुसरा गुण : काय चालते, काय चालत नाही हे जाणणे. हाड जुळायला प्रथिने लागतात. अंडी, उडदाची आणि तुरीची डाळ, शेंगदाणे, दूध-दही, मटण, सुके बोंबील, जे परवडेल ते रोज द्या. आपली कळण्याची भाकरी उत्तम, कारण तिच्यात ज्वारी आणि उडीद दोन्ही आहेत. डाळ-भाताने जखमेत पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो. पायाचे सूप आवडत असेल तर जरूर प्यावे, पण त्याने हाड झटपट जुळेल ही आशा नको. पडून राहिलेल्याला बद्धकोष्ठ होते, म्हणून पाणी आणि पालेभाजी भरपूर द्या.

काय चालत नाही? तंबाखू, बिडी, गुटखा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. दारूचे तर पंचशीलातच सांगितले आहे. दारू पिऊन कुबडीवर उठलेला माणूस दुसऱ्यांदा पडतो, हे मी वॉर्डात पाहिले आहे.

तिसरा गुण : मैत्रीभावाने सेवा, लोभाने नाही. 'तुझ्यासाठी किती केलं' हे एकदाही बोलू नका. अशा काळात माणसाला आधीच आपण ओझे झालो असे वाटत असते. 'मागच्या जन्मीचं भोगतोय', 'बाहेरचं काही लागलं असेल, उतारा टाका' असेही बोलू नका. अपघाताला कारण असते. मचाणाला पट्टा नव्हता, ट्रकला मागे दिवा नव्हता, डोक्यावर हेल्मेट नव्हते. बाबासाहेबांनी खाटेवर पडून नशिबाला दोष दिला नाही. चौकशी करून खरे कारण शोधले.

चौथा गुण : किळस न येणे. लघवीचे भांडे उचलणे, अंग पुसणे, कपडे बदलणे. हे सगळे बायकोनेच करायचे असे कुठे लिहिले आहे? पुरुष मित्रांनी पुरुषाचे करावे. हालता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलून द्या, पण कोणत्या अंगावर वळवायचे ते डॉक्टरांना विचारून. पाठ, कुल्हे, टाचा रोज पाहा. लाल डाग दिसला की जखम व्हायला सुरुवात झाली असे समजा. संडाससाठी मधे भोक पाडलेली मजबूत खुर्ची करून घ्या. कुबड्यांच्या खालचे रबर झिजले असेल तर लगेच बदला.

पाचवा गुण : आजाऱ्याचे मन उल्हसित ठेवणे. वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याला उभारी देणे, असे महावग्गात म्हटले आहे. या गुणाबाबत मी स्वतः चुकले. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला.

मी काय पाहिले नाही

वस्तीतला एक भाऊ स्लॅबचे काम करताना दुसऱ्या मजल्यावरून पडला. मांडीचे हाड मोडले, रॉड टाकला. मी दिवसाआड ड्रेसिंगला जायची. जखम स्वच्छ, ताप नाही. मी खूश होते. विसाव्या दिवशी त्याची बायको गल्लीपर्यंत माझ्या मागे आली. म्हणाली, 'ताई, काल रात्री त्यांनी विचारलं, कपाशीवर मारायचं औषध कुठे ठेवलंय?'

वीस दिवस मी त्याची जखम पाहिली होती. 'तुला कसं वाटतंय?' हे एकदाही विचारले नव्हते. त्या दिवशी मागे वळले, खाटेशी बसले आणि सरळ विचारले, 'भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का?' तो लहान पोरासारखा रडला. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे बसायला जागा नसायची. तिसऱ्या आठवड्यापासून कोणी फिरकत नव्हते. मजुरी बंद, पोरीची फी थकलेली, बायको दोन घरची कामे करून रात्री त्याचे करायची.

असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट त्याचा भार हलका होतो. आम्ही आधी फवारणीचे औषध आणि उंदराचे औषध घरातून हलवले. पहिले काही दिवस त्याला एकटे ठेवले नाही. 14416 या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फोन लावून दिला. हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. नंतर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांनाही दाखवले.

मग त्याचे मित्र विहारात बसले आणि वार वाटून घेतले. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. नियम सोपे होते.

- एका वेळी दोघांपेक्षा जास्त नाही, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही.
- अपघाताची कथा पुन्हा पुन्हा विचारायची नाही. 'अमक्याचा पाय कापावा लागला' असल्या गोष्टी तर मुळीच नाही.
- 'काही लागलं तर सांग' म्हणायचे नाही, कारण कोणी सांगत नाही. रेशन आणून द्यायचे, पाणी भरायचे, पोरीला शाळेत सोडायचे.
- आठवड्यात एक दुपार बायकोला झोपू द्यायची.
- तो चिडला, ओरडला तरी दुसऱ्या वारी यायचे.

एक मित्र रोज दारातूनच हाक मारायचा, 'कसा शे रे भो?' आणि मोबाइलवर भीमगीते लावून कॅरम मांडायचा. दुसऱ्याने कोळशाने भिंतीवर रेघा मारल्या. आज खाटेपासून उंबऱ्यापर्यंत, उद्या अंगणातल्या निंबापर्यंत. डॉक्टरांनी जेवढे सांगितले तेवढेच, एक पाऊल जास्त नाही. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्याला काम दिल्याचा. त्याचे गणित चांगले होते. संध्याकाळी वस्तीतली चार पोरे त्याच्या खाटेशी पाढे म्हणायला बसू लागली. आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत हे कळले, की माणूस जेवतो, झोपतो, व्यायाम करतो.

पाच महिन्यांनी बुद्ध पौर्णिमेला तो काठी घेऊन विहारात आला. आजही लंगडतो. सेंट्रिंगचे काम सुटले. आता बांधकाम मजुरांच्या नोंदणीचे फॉर्म भरून देतो आणि प्रत्येकाला विचारतो, 'पट्टा बांधतो ना रे?'

हे दिसले तर थांबू नका

प्लास्टरच्या खाली दुखणे वाढतच जाते, बोटे निळी, गार किंवा बधिर पडतात. जखमेतून पू किंवा दुर्गंधी येते, ताप भरतो. एका पायाची पोटरी सुजते आणि दुखते. अचानक धाप लागते किंवा छातीत दुखते. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. पोटरीत किंवा छातीत रक्ताची गाठ अडकली तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर जागेपणी दर तासाला पायाचा पंजा दहा वेळा वर-खाली करायला लावा.

आणि धीर ठेवा. मनगट सहाएक आठवड्यांत जुळते, पण मांडीच्या किंवा नळीच्या हाडाला तीन ते सहा महिने लागतात. 'अजून बरा झाला नाही?' हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात विचारू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. कायमचे अपंगत्व राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ते 40 टक्के किंवा जास्त असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. या फेऱ्या मित्रांनी माराव्यात. खाटेवरच्या माणसाने त्या कशा माराव्यात?

प्रत्येक विहारात अशी वारांची वही असावी, असे मला मनापासून वाटते. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. वस्तीत कोण खाटेवर आहे, कोणाचा वार कोणता, एवढे लिहा. आज हा अंक वाचून झाला की तुमच्या ओळखीतला जो महिनाभर दिसला नाही, त्याच्या दाराशी जा आणि हाक मारा.

जय भीम.