फाइल सर्व्हरवर, मजकूर हातात

२००३ साली आलेल्या ब्लॅकबेरी ७२३० या फोनचा पडदा अवघा २४० गुणिले १६० पिक्सेलचा होता. जीपीआरएसचा वेग सेकंदाला ४० किलोबिट धरला, तर दोन एमबीची पीडीएफ उतरायला साडेसहा मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. बरं, उतरली तरी ती उघडायची कशात? तसं सॉफ्टवेअर फोनसोबत येतच नव्हतं. तरीही कंपन्यांचे अधिकारी प्रवासात करारांचे मसुदे वाचत होते, कारण मूळ फाइल फोनवर येतच नव्हती.

कॅनडातल्या वॉटर्लूच्या रिसर्च इन मोशन, म्हणजेच ‘रिम’ने हे ओझं फोनवरून काढून ग्राहक कंपनीच्या कार्यालयातल्या ब्लॅकबेरी एंटरप्राइज सर्व्हरवर टाकलं. मेल आली की आधी सुमारे दोन केबी मजकूर फोनवर जाई. अटॅचमेंटचं फक्त नाव दिसे. ती उघडायला सांगितली, की सर्व्हरवरची ‘अटॅचमेंट सर्व्हिस’ वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ फाइल उलगडून त्यातला मजकूर, तक्ते आणि चित्रं वेगळी काढी, छोट्या पडद्याला झेपेल इतकी हलकी करी आणि हवा तेवढाच भाग धाडी. शंभर पानी अहवालाची अनुक्रमणिका पाहून एखादंच प्रकरण मागवता येई. उरलेली पानं कार्यालयातच राहत.

पाठवण्यापूर्वी हा भाग कूटबद्ध होई. प्रत्येक संदेशासाठी नवी किल्ली बने आणि ती किल्लीही फोनच्या स्वतंत्र किल्लीने बंद केली जाई. आधी ट्रिपल डीईएस, पुढे २५६ बिटांची एईएस पद्धतही आली. सर्व्हर ३१०१ क्रमांकाच्या पोर्टवरून स्वतःच बाहेर जोडणी करी, त्यामुळे फायरवॉलमध्ये बाहेरच्यांसाठी वाट उघडी ठेवावी लागत नसे. रिमच्या केंद्रातून जाई तो कूट मजकूरच. २०१० मध्ये भारत सरकारने संदेश तपासण्याची सोय मागितली, तेव्हा कंपनी-ग्राहकांच्या किल्ल्या आपल्याकडे नसतातच, अशी रिमची भूमिका होती.

मग त्रुटी कुठे होती? फाइल उलगडण्याच्याच कामात. पीडीएफ हाताळणाऱ्या भागातला दोष २००८ मध्ये उघड झाला. मुद्दाम बिघडवलेली पीडीएफ कुणी फोनवरून उघडली, तर घातक कोड फोनवर नव्हे, अटॅचमेंट सर्व्हिसच्या संगणकावर चालू शकत होता. इथे कूटबद्धतेचा उपयोग शून्य, कारण फाइल साध्या मेलमधून आधीच आत आलेली. रिमने दुरुस्ती दिली. शिवाय ही सर्व्हिस वेगळ्या संगणकावर, नेटवर्कच्या वेगळ्या भागात चालवण्याचीही सोय होती.

४ जानेवारी २०२२ रोजी त्या जुन्या फोनच्या सेवा बंद झाल्या. आजचे फोन फाइल स्वतःच उघडतात, म्हणून कंपन्या फोनमध्ये कार्यालयीन कामाचा कूटबद्ध कप्पा करतात, त्यातून कॉपी-पेस्ट रोखतात आणि फोन हरवला तर तो कप्पा दुरूनच पुसून टाकतात. पण जिथे सर्व्हर अजूनही फाइलचा ‘प्रिव्ह्यू’ बनवून देतो, तिथे २००८चा धडा लागू आहे: परक्याची फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामला कंपनीच्या बाकीच्या डेटाजवळ फिरकू द्यायचं नाही.