इतिहासलेखनविषयक निबंधाचे टप्पे

इतिहासलेखनविषयक निबंधात ‘काय घडले’ हा मुख्य प्रश्न नसून ‘जे घडले ते निरनिराळ्या इतिहासकारांनी निरनिराळे का सांगितले’ हा असतो. हा भेद ध्यानी न आल्यामुळे विद्यार्थ्यांचे निबंध बहुधा घटनांचा सारांश होऊन बसतात.

मराठी सत्तेचा उदय हा विषय घ्यावा. साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली या उदयास सह्याद्रीतील वणव्याची उपमा दिली. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली ती खोडून काढली व संतांनी केलेल्या लोकजागृतीत त्याची मुळे दाखविली. राजवाड्यांनी मात्र त्याच संतांच्या शिकवणुकीस निवृत्तिपर म्हणून दोष दिला.

प्रथम हे ग्रंथ प्रकाशनवर्षानुसार मांडावेत आणि प्रत्येकापुढे त्या लेखकास उपलब्ध असलेली साधने टिपावीत. हा टप्पा कंटाळवाणा खरा, परंतु सारे यावरच अवलंबून आहे. टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली डफने विचारात घेतली नाही, असा आक्षेप वर्गात सर्रास ऐकू येतो!

त्यानंतर मतभेदांची वर्गवारी करावी. काही भेद नव्या कागदपत्रांमुळे पडतात. रानडे व राजवाडे यांच्यातील भेद दृष्टीचा आहे, आणि खरा निबंध येथूनच सुरू होतो. कच्चा खर्डा याच भागापासून लिहावा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. आपणांस काय म्हणावयाचे आहे, हे तोवर आपणांसही पुरते ठाऊक नसते.