वैद्यांचे पंच कोणी निवडावे?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून, ‘वैद्यक परिषदेची निवडणूक ही डॉक्टर मंडळींच्या घरातली गोष्ट; तिच्याशी आपल्याला काय करायचे आहे?’ असे तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. ह्या शंकेत तथ्य नाही असे नाही. ह्या निवडणुकीत मतदार डॉक्टर, उमेदवारही डॉक्टर. तिच्या सभा चौकात होत नाहीत आणि तिची पत्रके आपल्या दारात पडत नाहीत. परंतु तिच्या निकालाची फळे मात्र रोग्याच्या पदरात पडतात. मत एकाने द्यायचे आणि परिणाम दुसऱ्याने भोगायचा, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम ही परिषद करते काय ते पाहू. दवाखान्याच्या पाटीवर नावाखाली नोंदणीचा क्रमांक लिहिलेला आपण पाहतो. तो क्रमांक ज्या वहीतून येतो ती वही सांभाळणे हे परिषदेचे पहिले काम. महाराष्ट्रात ह्या वहीला रजिस्टर म्हणतात आणि दर पाच वर्षांनी डॉक्टरला आपली नोंद नवी करून घ्यावी लागते. दुसरे काम शिस्तीचे. एखाद्या डॉक्टराने व्यवसायाला न शोभणारे वर्तन केले अथवा अक्षम्य हयगय केली, अशी तक्रार आली की परिषद चौकशी करते. ताकीद देते, काही काळ नोंदणी स्थगित करते किंवा नाव वहीतून कायमचे काढून टाकते. न्यायालय नुकसानभरपाई देऊ शकेल, शिक्षा देऊ शकेल. पण ‘ह्या माणसाने उद्यापासून रोगी तपासू नये’ हे सांगण्याचा नेहमीचा मार्ग परिषदेतूनच जातो. थोडक्यात, परिषद ही धंद्याची पंचायत आहे. आता पंच म्हटले की ते कोणी निवडावेत हा प्रश्न आलाच.

ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि तो आपल्याकडे इंग्लंडमधून आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील शल्यवैद्यांच्या कॉलेजाचा कारभार मूठभर मंडळींच्या हाती होता. जागा रिकामी झाली की उरलेल्यांनीच आपल्यातला कोणी तरी बसवावा, अशी ती व्यवस्था होती. खेड्यापाड्यांतून राबणाऱ्या साध्या डॉक्टराला तेथे विचारतो कोण! थॉमस वॉकले नावाच्या एका झुंजार डॉक्टराने १८२३ साली ‘लॅन्सेट’ हे पत्र काढले ते ह्या मक्तेदारीवर कोरडे ओढीतच. पुढे तो पार्लमेंटात गेला आणि तेथेही हाच झगडा त्याने चालविला. शेवटी १८५८ साली कायदा झाला, नोंदणीची वही सुरू झाली आणि जनरल मेडिकल कौन्सिल जन्मास आली. मात्र तिच्यात सभासद कोण? विद्यापीठांनी आणि जुन्या कॉलेजांनी धाडलेले प्रतिनिधी आणि सहा राजनियुक्त. ज्या हजारो डॉक्टरांची नावे वहीत होती त्यांना एकही मत नव्हते. ते मिळण्यास आणखी अठ्ठावीस वर्षे लागली. १८८६ च्या कायद्याने पाच जागा थेट निवडणुकीच्या झाल्या: तीन इंग्लंड व वेल्सच्या, एक स्कॉटलंडची, एक आयर्लंडची.

म्हणजे डॉक्टरांना मत मिळाले ते बड्या धेंडांच्या मक्तेदारीविरुद्धचे हत्यार म्हणून मिळाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आज निवडणुकीला नावे ठेवणारे बहुधा हे विसरतात.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ साली मुंबई वैद्यक कायदा झाला आणि प्रांतिक परिषद व तिची वही अस्तित्वात आली. अखिल भारतीय परिषदेची हकीकत अधिक मानी आहे. आपल्या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या मान्य करायच्या की नाहीत हे लंडनची कौन्सिल ठरवीत असे. १९३० साली तिने ही मान्यता काढून घेतली. त्या अपमानातून आपली स्वतःची परिषद हवी ह्या मागणीला जोर आला आणि १९३३ चा कायदा झाला. परंतु घर बांधताना आपण घरातल्याच काही माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवले. एल. सी. पी. एस. सारख्या परवाना-परीक्षा देऊन तालुक्याच्या गावी व्यवसाय करणारे लायसेन्शिएट डॉक्टर ह्या कायद्याच्या बाहेर राहिले. पदवीधर आत, परवानाधारक बाहेर. ही चूक सुधारली ती १९५६ च्या कायद्याने. त्यात प्रत्येक राज्याच्या वहीतील डॉक्टरांनी आपल्यातून एक सभासद निवडायचा होता. विद्यापीठांचे निवडलेले आणि सरकारने नेमलेले सभासद होते. आणि शिवाय अशा परवानाधारकांनी आपल्यातून निवडायच्या सात जागा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. ज्यांना पूर्वी कायद्यात जागा नव्हती त्यांना आता परिषदेत खुर्ची मिळाली. निवडणूक काय करू शकते ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ साली आपला स्वतंत्र कायदा झाला. त्यान्वये महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणीकृत डॉक्टरांनी आपल्यातून निवडलेले नऊ सभासद असतात. त्यांच्या जोडीला सरकारनियुक्त व पदसिद्ध सभासद. हीच रीत थोड्याफार फरकाने शेजारच्या धंद्यांतही आहे. औषधविक्रीच्या दुकानातील फार्मासिस्ट घ्या. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे राज्य परिषदेचे सहा सभासद हे नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडायचे असतात.

येथवर सर्व ठीक. आता यंत्राच्या आत डोकावू. अशा निवडणुकीला तीन ठिकाणी कीड लागते.

पहिली जागा मतदारयादी. वहीत एकदा नाव चढले की ते उतरवायला कोणी धावत येत नाही. डॉक्टर परगावी जातो, परदेशी जातो, निवर्ततो. नाव मात्र जुन्या पत्त्यावर सुखाने नांदते. नूतनीकरणाची सक्ती हा त्यावरचा उतारा, पण तो वेळेवर घेतला तरच गुण येतो. दुसरी जागा मतपत्रिका. जेथे ती टपालाने धाडतात तेथे मतदाराची वाट सोपी होते हे खरे. पण कोरी मतपत्रिका घरी आली की ती ‘नेण्यासाठी’ येणारा हितचिंतकही मागोमाग येऊ शकतो. जेथे मतदान केंद्रावर घेतात तेथे गुप्तता राहते, पण आड तालुक्यातल्या डॉक्टराने दवाखाना बंद ठेवून जिल्ह्याच्या गावी यायचे, हे किती जणांच्याने होणार?

तिसरी जागा सर्वांत कमी दिसते, ती मत मोजण्याच्या पद्धतीत आहे. समजा, जागा नऊ आहेत, मतदार शंभर आहेत आणि प्रत्येकाला नऊ मते आहेत. दोन गट उभे राहिले. एकाच्या पाठीशी एक्कावन्न मतदार, दुसऱ्याच्या पाठीशी एकोणपन्नास. प्रत्येकाने आपल्या गटाची सर्व नावे खुणावली तर पहिल्या गटाच्या प्रत्येक उमेदवाराला एक्कावन्न मते आणि दुसऱ्याच्या प्रत्येकाला एकोणपन्नास. निकाल काय? नऊच्या नऊ जागा एका गटाला! एकोणपन्नास माणसांचा तोंड उघडणारा एकही प्रतिनिधी आत नाही. ह्याला उपाय आहे. मतदाराने एकच मत पसंतीच्या क्रमाने द्यायचे आणि निवडून येण्यास ठराविक कोटा लागायचा. शंभर मतांत नऊ जागांसाठी हा कोटा अकरा मतांचा होतो. तसे केले तर ह्याच मतदारांतून पाच आणि चार अशी विभागणी होते. मतदार तेच, मते तीच; फक्त मोजण्याची रीत बदलली आणि परिषदेचे तोंडवळेच बदलले. आपली राज्यसभा अशाच क्रमदेय मताने निवडली जाते, तेव्हा हा काही परका प्रयोग नव्हे.

पण यादी शुद्ध झाली, मत गुप्त झाले, मोजणी न्याय्य झाली, असे धरून चालू. तरी एक गाठ सुटत नाही, आणि माझ्या मते मुख्य गाठ तीच आहे. आपण पाचामुखी परमेश्वर म्हणतो. गावचे पंच सर्व गावाने मानलेले असत. वादी आणि प्रतिवादी दोघांचाही त्यांच्यावर विश्वास असे. येथे परिषदेपुढे जो वाद येतो त्यात एका बाजूला रोगी आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर. आणि पंच निवडले कोणी? एका पक्षाने. पुढच्या निवडणुकीत ज्यांची मते मागायची आहेत त्यांच्यातल्याच एकाला आज वहीतून काढायचे, ही कसोटी फार कठीण आहे. पुष्कळ सभासद तिला उतरतात. पण दारात बसलेल्या रोग्याच्या नातेवाइकाला ते कसे कळावे?

इंग्लंडमध्ये ह्या कसोटीचा शेवट कसा झाला तो पाहण्याजोगा आहे. कौन्सिलवर डॉक्टर नसलेला पहिला सभासद आला तो १९२६ साली. पुढे वार्षिक फी लादली गेली तेव्हा, पैसा आमचा आणि सत्ता दुसऱ्यांची हे चालणार नाही, अशी डॉक्टरांनी हाकाटी केली. मेरिसन समितीने १९७५ साली अहवाल दिला आणि १९७८ च्या कायद्याने कौन्सिलमध्ये निवडलेल्या डॉक्टरांचे बहुमत झाले. वॉकलेचे स्वप्न पुरे झाले म्हणायचे! आणि बावीस वर्षांनी काळाने फासा उलटा टाकला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा हॅरल्ड शिपमन नावाचा डॉक्टर जानेवारी २००० मध्ये पंधरा रोग्यांच्या खुनाबद्दल दोषी ठरला. चौकशी आयोगाने पुढे बळींचा आकडा २१५ वर नेला. हा मनुष्य १९७६ सालीच पेथिडिनसाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल शिक्षा झालेला होता. कौन्सिलने त्याला ताकीद देऊन सोडले आणि त्याचे नाव वहीत राहिले. आयोगाच्या प्रमुख न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ ह्यांनी २००४ च्या अहवालात, कौन्सिलचा कल रोग्यांपेक्षा डॉक्टरांना सांभाळण्याकडे आहे, असे स्पष्ट बजावले. २००३ साली ३५ सभासदांपैकी १९ निवडलेले डॉक्टर होते; २००९ पासून निवडणूकच संपली. सर्व सभासद नेमलेले, निम्मे डॉक्टर आणि निम्मे सामान्य नागरिक. २०१२ पासून दोषी-निर्दोषी ठरविण्याचे कामही वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेले.

आपल्याकडेही पाणी त्याच वळणाने गेले. एप्रिल २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात वटहुकमाने परिषद बरखास्त झाली. २०१६ साली संसदीय समितीने, नियंत्रक निवडून न घेता पारखून नेमावेत, असा सल्ला दिला. २०१९ चा कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग कामास लागला. त्याचे सभासद ३३. त्यांत राज्य परिषदांकडून आलेल्यांना नऊ जागा आहेत, त्याही फिरत्या. कोणत्या राज्याची पाळी हे चिठ्ठ्या काढून ठरले. मात्र केंद्रातल्या सल्लागार परिषदेवर राज्य परिषदेने जो सभासद धाडायचा तो तिच्या निवडलेल्या सभासदांपैकीच असावा, असे कायदा म्हणतो. म्हणजे दिल्लीच्या दारापर्यंत डॉक्टरच्या मताचा धागा अजून पोचतो, बारीक का होईना.

मग ह्या बदलाने रोग्याचे भले झाले का? येथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. नव्या कायद्याच्या तिसाव्या कलमात, राज्य परिषदेच्या निर्णयावर नाराज झालेल्या डॉक्टराला वर अपील करण्याचा हक्क शब्दांत दिला आहे. नाराज झालेल्या रोग्याचा उल्लेख तेथे नाही. निवडणुकीची जागा नेमणुकीने घेतली, पण तक्रारदार उभा होता तेथेच उभा राहिला. नेमणुकीचेही दोष आहेतच. नेमलेला मनुष्य मतदाराचे मिंधेपण टाळतो, पण नेमणाऱ्याचे मिंधेपण त्याच्या वाट्याला येऊ शकते. ज्या मक्तेदारीवर वॉकलेने कोरडे ओढले तीही नेमणुकीचीच होती, हे विसरून कसे चालेल?

तात्पर्य असे की, निवडणूक की नेमणूक हा वाद आपण चुकीच्या ठिकाणी मांडतो. वहीचा कारभार, फीचा हिशेब, डॉक्टरांच्या पुढील शिक्षणाची व्यवस्था ह्यांत डॉक्टरांनी आपले प्रतिनिधी निवडावेत. तो त्यांचा कष्टाने मिळवलेला हक्क आहे. परंतु एखाद्या रोग्याचे गाऱ्हाणे जेथे ऐकायचे, त्या आसनावर डॉक्टरांच्या बरोबरीने डॉक्टर नसलेली, कोणाच्या मतावर अवलंबून नसलेली माणसे बसली पाहिजेत, आणि हरलेल्या रोग्यालाही वरचे दार उघडे पाहिजे. ह्या दोन कामांची ताटातूट केली तर दोन्ही शुद्ध राहतील.

जाता जाता सभेत असलेल्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. पुढच्या निवडणुकीची सूचना येईल तेव्हा, ‘सारे सारखेच’ म्हणून ती बाजूला टाकू नका. तुम्ही मत दिले नाही तर गटाचे मत आपोआप दुप्पट होते. आणि मत देताना उमेदवाराला एवढेच विचारा: माझ्याविरुद्ध खरी तक्रार आली तर तुम्ही काय कराल? ‘तुम्हाला सांभाळीन’ असे जो म्हणेल त्याला मत देऊ नका. कारण त्या खुर्चीसमोर एखाद्या दिवशी तुमची आई, तुमचे मूल रोगी म्हणून उभे असेल, आणि तेव्हा सांभाळून घेणारा पंच तुम्हाला नको असेल.