गाडीतला चहा आणि बारा व्होल्टचे गणित

दूरच्या प्रवासाला निघताना एकेकाळी घरातून दोन वस्तू आठवणीने बरोबर घेतल्या जात. पाण्यासाठी फिरकीचा तांब्या आणि चहासाठी थर्मास. तांब्याची जागा बाटलीबंद पाण्याने केव्हाच घेतली. थर्मासच्या जागेवर मात्र आता एक छोटे उपकरण हक्क सांगू लागले आहे. मोटारीतील सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग खोचायचा आणि पाणी, चहा, कॉफी किंवा बाळाचे दूध गरम करायचे, असे हे उपकरण. कधी ते पेल्यात बुडवायच्या लहानशा रॉडच्या रूपात मिळते, कधी झाकणाच्या मगाच्या, तर कधी छोट्या किटलीच्या. किंमत बेताची आणि जाहिरात मोहक असल्याने ते सहज विकत घेतले जाते. त्यानंतर दोन प्रकारच्या तक्रारी ऐकू येतात. पाणी तापायला फार वेळ लागतो, ही पहिली. आणि फ्यूज उडाला किंवा प्लग वितळला, ही दुसरी. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. उपकरणाच्या दर्जापेक्षाही ते गाडीतील विजेच्या मर्यादेत अधिक आहे. ही मर्यादा एकदा समजून घेतली, तर असे उपकरण कुठे उपयोगाचे आणि कुठे धोक्याचे, हे ठरवणे अवघड नाही.

सॉकेटचे मूळ काम

मोटारीतील हे सॉकेट मुळात पाणी तापवण्यासाठी बनवलेलेच नव्हते. लायटर आत दाबला की त्यातील तारेचे वेटोळे काही सेकंदांत लालबुंद होते आणि लायटर आपोआप बाहेर उसळतो. तेवढ्या अल्पकाळापुरती वीज पुरवणे, हे या सॉकेटचे मूळ काम. पुढे गाडीतले धूम्रपान मागे पडले, पण सॉकेट राहिले. मोबाइलचे चार्जर, टायरमध्ये हवा भरण्याचे पंप आणि त्यांच्या जोडीला हे हीटर त्यावर येऊन बसले. अनेक गाड्यांत सॉकेटच्या झाकणावर '१२ व्होल्ट, १२० वॉट' असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ असा, की या सॉकेटमधून १० अँपिअरपर्यंतच वीज घ्यावी. त्याच्या रक्षणासाठी बसवलेला फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो.

रेल्वेच्या डब्यातील सॉकेटची गोष्टही याहून वेगळी नाही. ते मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जिंगपुरते असते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वातानुकूलित डब्यात विजेच्या किटलीवर नूडल्स शिजवल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, तेव्हा डब्यात अशी किटली वापरणे असुरक्षित, बेकायदा आणि दंडनीय असल्याचे मध्य रेल्वेने स्पष्ट केले. स्वतःच्या मोटारीत असे बजावणारे कोणी नसते. तेथे पहारा असतो तो केवळ एका फ्यूजचा.

एका पेल्याचे गणित

पाणी तापवायला किती ऊर्जा लागते, हे निसर्गाने ठरवलेले आहे. त्यात कोणत्याही कंपनीला सवलत मिळत नाही. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. चहाच्या एका मोठ्या पेल्यात २०० मिलिलिटर पाणी मावते असे धरू. ते २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत न्यायचे, तर सुमारे ५९ किलोज्यूल, म्हणजे ५९ हजार ज्यूल ऊर्जा हवी. एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. त्या हिशेबाने १२० वॉटच्या हीटरला या कामासाठी ४९० सेकंद, म्हणजे सव्वाआठ मिनिटे लागतात.

हा झाला कागदावरचा हिशेब. पेला तापत असताना त्याच्या भिंतींतून आणि उघड्या तोंडातून उष्णता निसटत असते. काम जितके रेंगाळेल, तितकी ही गळती वाढते. त्यामुळे प्रत्यक्षात १२ ते १५ मिनिटे लागली, तर हीटर बिघडला असे समजण्याचे कारण नाही. चौघांसाठी अर्धा लिटर पाणी उकळायचे म्हटले, तर कागदावर २० मिनिटे आणि व्यवहारात अर्धा तास सहज जातो. घरातील १५०० वॉटची किटली एका पेल्याचे काम ४० सेकंदांत उरकते. त्या सवयीने गाडीतील हीटरकडे पाहिले, की अपेक्षाभंग ठरलेला.

मग अधिक शक्तीचा हीटर का बनवत नाहीत? कारण १२ व्होल्टवर १५०० वॉट हवे असतील, तर १२५ अँपिअर विद्युतधारा वाहावी लागेल. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरला बॅटरीपासून जाड केबल जोडलेली असते, ती अशाच मोठ्या धारेसाठी. डॅशबोर्डमागील बारीक तारांचे ते काम नव्हे.

या हिशेबाचा खरेदीच्या वेळी थेट उपयोग होतो. 'अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत उकळते' असा दावा कोणी केला, तर त्यासाठी किमान ४९० वॉट, म्हणजे ४० अँपिअरहून अधिक विद्युतधारा लागेल. लायटरच्या सॉकेटमधून ती मिळणे शक्य नाही. म्हणजे एक तर दावा खोटा, नाही तर फ्यूज उडणे निश्चित.

घाटमाथ्यावर आणखी एक गोष्ट अनुभवास येते. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला अदमासे एक अंशाने खाली येतो. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळते, तर साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहला ८८ अंशांच्या आसपास. तेथे बुडबुडे लवकर दिसतात, पण चहा मात्र फिका उतरतो. तो हीटरचा दोष नाही.

प्लग का वितळतो?

लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग स्क्रूने आवळलेला नसतो. टोकाशी असलेली स्प्रिंग आणि बाजूच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या यांच्या दाबावरच तो टिकून असतो. गाडी खड्ड्यांतून जाताना तो हलतो. आत धूळ साचते, पट्ट्यांवर गंज चढतो आणि धातूचा धातूला होणारा स्पर्श अपुरा पडू लागतो. अशा सैल जोडाचा विद्युतरोध अवघा ०.१ ओहम झाला, तरी १० अँपिअर धारेला तेथे १० वॉट उष्णता निर्माण होते. घरातल्या झीरोच्या दिव्याएवढी ही उष्णता अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये पंधरा मिनिटे कोंडून राहते. मोबाइलचा चार्जर एक-दोन अँपिअरच घेतो, त्यामुळे तोच सैल जोड त्याला कधी जाणवत नाही.

येथे फ्यूजची मर्यादाही ओळखायला हवी. धारा ठरावीक मर्यादेबाहेर गेली, तरच फ्यूज वितळतो. सैल जोडामुळे धारा वाढत नाही, उलट किंचित घटते. म्हणजे प्लग वितळत असताना फ्यूज शाबूत राहू शकतो. म्हणूनच पाच मिनिटांनी प्लगला हात लावून पाहावा. तो चटका बसण्याइतका तापला असेल, तर वापर तेथेच थांबवावा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार बसवणे, हा तर आगीला आमंत्रण देण्याचाच प्रकार. मग पुढची वितळणारी वस्तू फ्यूज नसते, डॅशबोर्डमागची वायर असते.

ट्रक आणि मोठ्या बसगाड्यांत बहुतेक वेळा २४ व्होल्टची व्यवस्था असते. मोटारीचा हीटर तेथे लावला, तर व्होल्ट दुप्पट झाल्याने शक्ती चौपट होते. १२० वॉटचा हीटर ४८० वॉट ओढू पाहतो आणि फ्यूज उडण्यापूर्वीच जळून जाऊ शकतो. उलट २४ व्होल्टचा हीटर मोटारीत लावला, तर त्याची शक्ती चौथ्या हिश्शावर येते आणि पाणी कोमटच राहते. भाड्याच्या गाडीतून सहलीला जाणाऱ्यांनी एवढी चौकशी आधी केलेली बरी.

बॅटरी आणि पेट्रोल

इंजिन बंद ठेवून एक पेला पाणी तापवले, तर सुमारे दोन अँपिअर-तास वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे एका पेल्याने गाडी बंद पडत नाही. पण चार पेले, सोबत दिवे आणि संगीत, त्यात बॅटरी तीन-चार वर्षांची जुनी असेल, तर हिशेब पालटतो. वाहतूक खोळंबून घाटात रात्र काढावी लागली, तर चहापेक्षा इंजिन सुरू होणे महत्त्वाचे.

इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे सॉकेटला सुमारे १४ व्होल्ट मिळतात. त्यामुळे पाणी लवकर तापते, पण धाराही वाढते आणि १० अँपिअरचा फ्यूज उडू शकतो. इंधनाचा हिशेब पाहिला, तर पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा हीटरपर्यंत पोहोचतो. एका पेल्यामागे साधारण तीन चहाचे चमचे पेट्रोल जळते. खर्च फारसा नाही. मात्र पाणी तापवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोक्याची जाणीवच होत नाही.

बाळाचे दूध

असे उपकरण घेणाऱ्यांत तान्ह्या बाळाचे आईवडील पुष्कळ असतात. त्यांनी अधिक सावध राहायला हवे. दुधाच्या भुकटीत जंतू असू शकतात. म्हणून ती किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात मिसळावी, मग दूध निववून पाजावे आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. गाडीतील कमी शक्तीच्या हीटरवर दूध दीर्घकाळ कोमट राहते, आणि कोमट दूध जंतूंच्या वाढीला अत्यंत अनुकूल असते. दुधात थेट रॉड बुडवणेही चुकीचे. दूध वेटोळ्यावर करपते आणि तो थर साफ करणे कठीण जाते. काढून ठेवलेले आईचे दूध उकळायचे नसते. त्याची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करणे पुरेसे होते.

धावत्या गाडीत नकोच

रॉडचे वेटोळे पाण्यात असते, तोवर पाणी त्याची उष्णता काढून घेते आणि वेटोळ्याचे तापमान आटोक्यात राहते. पेला कलंडला, पाणी आटले किंवा रॉड चालू असताना बाहेर काढला, तर तेच वेटोळे काही क्षणांत लाल होते. स्वस्त उपकरणांत आपोआप बंद होण्याची सोय बहुधा नसते. शेजारी असते आसनाचे कापड आणि फोम. धावत्या गाडीला अचानक ब्रेक लागला, की पेल्यातले पाणी पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या मांडीवर येते आणि त्याला चटकन उठताही येत नाही. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत कातडी भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर. चालकाचे लक्ष पेल्याकडे जाणे, हा त्यापुढचा धोका.

वाहनात पाणी उकळणे अशक्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये तयार झालेल्या ब्रिटिश सैन्याच्या सेंच्युरियन रणगाड्यात विजेवर चालणारे पाणी उकळण्याचे भांडे बसवण्यात आले आणि ती प्रथा त्यांच्या पुढच्या रणगाड्यांतही राहिली. चहासाठी सैनिकांना रणगाड्याबाहेर पडावे लागू नये, हा हेतू. पण ते भांडे जागेवर पक्के बसवलेले, झाकणाचे आणि रणगाड्याच्या विद्युतव्यवस्थेला कायमचे जोडलेले असते. लायटरच्या सॉकेटला यांपैकी काहीच लाभत नाही.

मग करावे काय?

जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये तयार केलेली निर्वात भांड्याची कल्पना आजही या कामी सर्वांत भरवशाची आहे. घरून उकळते पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरून घ्यावे. काही तासांनी ते ७० अंशांपर्यंत उतरले असेल, तर तेच २०० मिलिलिटर पाणी हीटरवर ९० अंशांपर्यंत न्यायला १७ किलोज्यूलही लागत नाहीत. १२० वॉटवर हे काम अडीच ते चार मिनिटांत होते. सॉकेट, प्लग आणि बॅटरी या तिघांनाही तेवढा भार पेलतो.

हीटर घ्यायचाच असेल, तर रॉडऐवजी झाकणाचा, पाणी आटल्यावर आपोआप बंद होणारा मग निवडावा. त्याचे वॉट सॉकेटवर लिहिलेल्या आकड्याहून कमी असल्याची खात्री करावी. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करावी, काच थोडी उघडी ठेवावी, मग सपाट जागेवर फक्त पाणी, तेही एका वेळी एकच पेला, तापवावे आणि काम होईपर्यंत जवळून हलू नये. एवढी सवड नसेल, तर पुढच्या वळणावर टपरी असतेच. तेथील स्टोव्हवर चहा लवकर होतो आणि चालकालाही तेवढीच विश्रांती मिळते.