विंचू, मंत्र आणि प्राझोसिन : रायगडच्या किनारपट्टीवरील श्रद्धा-विज्ञान संघर्षाचा मागोवा

विंचूदंशाने मरणाच्या दारात पोहोचलेला रुग्ण प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या साध्या औषधाने वाचू शकतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकातून जगापुढे मांडले, त्याला आता चार दशके होत आहेत. ज्या रायगड जिल्ह्यात हे संशोधन झाले, त्याच जिल्ह्यातील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी शासनाच्या एका समारंभासाठी उघड्या मैदानावर भर उन्हात बसलेल्या भाविकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. पहिल्या घटनेत विज्ञान श्रद्धाळू माणसाच्या उशाशी जाऊन बसले होते, तर दुसरीत ते सरकारच्या हाताशी असूनही श्रद्धाळू माणसापर्यंत पोहोचले नाही. या दोन घटनांच्या दरम्यान काय हरवले, याचा हिशेब मांडणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या किनाऱ्यावर विज्ञान प्रथम आले ते लोकांशी काही बोलण्यासाठी नव्हे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे दिसू लागल्यावर १९०४ मध्ये अलिबाग येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची वेधशाळा उभारण्यात आली, तिची वास्तू चुंबकीय गुण नसलेल्या दगडात बांधली गेली, आणि तेथील अखंड नोंदमालिकेला जगभरच्या अभ्यासकांमध्ये मान मिळाला. परंतु परिसरातील आगरी, कोळी आणि कातकरी वस्त्यांमधील आजारपणे, भीती आणि नवस यांच्याशी त्या नोंदींचा कोणताही संबंध नव्हता. श्रद्धेला तिच्या अन्यायाबद्दल जाब विचारला गेला तो महाडला. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्यानंतर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले, म्हणजे माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी गाईच्या शेणाने व मूत्राने पवित्र होते असे जाहीरपणे मानले. पुढची जवळजवळ पाच दशके मात्र या विषयापुरती सपाट गेली. शाळा वाढल्या, रस्ते आले, आणि मंत्रतंत्राने उपचार करणाऱ्या भगताचा ओटा जिथल्या तिथे राहिला.

खरे मंथन झाले ते १९७६ ते १९८६ या दशकात. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत समाविष्ट केले तेही १९७६ मध्ये, आणि जालना भागातील एका गरीब शेतकरी कुटुंबातून आलेले तरुण डॉक्टर बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेही त्याच वर्षी. दिल्लीत लिहिले गेलेले ते कलम या भागात प्रत्यक्ष कोणी आचरणात आणले असेल, तर ते या आरोग्य केंद्रातील खाटांशेजारी, आणि तेही कोणतीही घोषणा न करता.

कोकणातील लाल विंचू आकाराने लहान असतो, पण त्याचे विष अतिशय घातक असते. उलट दिसायला भयंकर असणाऱ्या मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशाने वेदना पुष्कळ होतात, पण माणूस सहसा दगावत नाही. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, आणि हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचून तोंडावाटे गुलाबी फेस येतो. ज्यांना ही गंभीर बाधा होते, त्यांच्यापैकी अनेकांना दंशाच्या जागी फारशी वेदना होत नाही आणि रुग्ण सावरू लागला की तेथील वेदना पुन्हा जाणवू लागते, हे बावस्करांच्या निरीक्षणांतील एक महत्त्वाचे सूत्र होते.

मंत्राने विंचू उतरतो हा समज इतका चिवट का होता, याचे उत्तर या एका निरीक्षणात सापडते. बहुतेक दंश मुळातच प्राणघातक नसल्याने भगताकडे नेलेले बहुतेक रुग्ण बरे होत, आणि त्याचे श्रेय अंगाऱ्याला मिळे. ज्याची वेदना थांबे, त्याच्या बाबतीत तर मंत्राचा गुण डोळ्यांदेखत आला असे घरच्यांना वाटे, आणि नेमक्या त्याच वेळी काहींच्या हृदयावर विषाचा घाला पडत असे. पुढे मृत्यू आला तर दोष नशिबाला, पथ्य मोडल्याला किंवा उशिराला लागे. म्हणजे गावकऱ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. आणि हा फरक ज्याला समजत नाही, त्याला अंधश्रद्धेशी लढण्याचा मार्गही सापडत नाही. शिवाय रात्रीच्या वेळी खाडीवरची तर बंद आणि शेवटची एसटी निघून गेलेली असताना भगत हा शेजारच्या घरात असे, तर डॉक्टर काही कोसांवर. त्यामुळे भगताकडे जाणे हा अडाणीपणापेक्षा अंतराचा प्रश्न अधिक होता.

बावस्करांच्या कामाचे खरे मोल असे की, त्यांच्या संशयाचा रोख केवळ भगतावर नव्हता, तो त्यांच्या स्वतःच्या वैद्यकशास्त्रावरही होता. त्या काळी विंचूदंशाच्या रुग्णाला गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, अॅट्रोपिन आणि स्टेरॉइड देण्याची रीत प्रचलित होती. ग्रंथप्रामाण्याने चाललेले हे उपचार रुग्ण वाचवत नव्हते आणि अॅट्रोपिनने तर हृदयावरील ताण वाढण्याचा धोका होता. ग्रंथात लिहिले आहे म्हणून दिलेले औषध आणि आजाने सांगितले म्हणून म्हटलेला मंत्र यांत पुराव्याच्या दृष्टीने अंतर नाही, हे मान्य करण्याचे धैर्य लागते. रुग्णाशेजारी रात्र-रात्र थांबून नाडी, रक्तदाब व लक्षणे टिपत त्यांनी धोक्याची पूर्वचिन्हे निश्चित केली, ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, पुण्याला पदव्युत्तर शिक्षण घेऊनही त्यांनी शहराऐवजी पुन्हा हाच परिसर निवडला, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरून विषाच्या मूळ परिणामावर उपाय शोधला. गंभीर रुग्णांमध्ये सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण या उपचाराने १ टक्क्याच्या आसपास आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या साथीने हे काम पुढेही चालू राहिले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे महाडला ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीतून २०११ मध्ये सिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये भारत सरकारने डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री दिली. भगताची निंदा करून जे झाले नसते, ते वाचलेल्या माणसाने आपल्या पायांनी गावात परत जाऊन घडवले.

त्यानंतरची लढाई या खाटांपासून दूर, विधिमंडळात गेली. जादूटोणाविरोधी कायदा करावा अशी शिफारस विधान परिषदेने १९९५ मध्ये केली, आणि तो प्रत्यक्षात यायला १८ वर्षे लागली. २००५ मध्ये विधानसभेने संमत केलेले विधेयकही पुढे सरकले नाही. या कायद्याने वारी, कीर्तन आणि व्रते बंद पडतील असा प्रचार ज्यांनी केला, त्यांनी जनतेची उघड दिशाभूल केली, कारण अंतिम कायद्यात या सर्व उपासनांना स्पष्ट संरक्षण आहे आणि साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. बिरवाडीच्या खाटेवर जे शिकले गेले होते, तेच त्या कलमात होते; त्याला विरोध करणाऱ्या पुढाऱ्यांनी १८ वर्षांत गेलेल्या जिवांचे उत्तर कधीही दिले नाही. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर अवघ्या काही दिवसांत सरकारला वटहुकूम काढता आला, म्हणजे अडचण मसुद्याची नव्हती, इच्छेची होती. या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. अन्य तिघे निर्दोष सुटले. रायगडच्या गावागावांतून वाळीत टाकल्याच्या, म्हणजे गावकीने एखाद्या कुटुंबाशी सर्व व्यवहार तोडल्याच्या तक्रारी जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याच सुमारास पुढे आल्या आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये संमत होऊन पुढल्या वर्षी लागू झाला. दोन्ही कायदे योग्यच आहेत. परंतु कायदा झाल्यावर काम संपले असे समजून शासन बाजूला झाले, ही त्यांची शोकांतिका आहे.

खारघरची दुर्घटना या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. रेवदंड्याचे निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याच्या त्या सोहळ्याला आलेले श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, वर्षानुवर्षे वृक्षारोपण, स्वच्छता आणि व्यसनमुक्ती यांसाठी श्रमदान करणारे लोक होते, आणि त्यांच्या श्रद्धेला या मृत्यूंचा दोष देणे हा अन्याय ठरेल. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान विभाग उष्णतेच्या लाटेची मर्यादा मैदानी भागासाठी ४० अंश, तर किनाऱ्यासाठी ३७ अंश मानतो. हे ज्ञान सरकारच्याच खात्याकडे होते. दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत हा निर्णय शासनाने जाहीर केला, पण तो १४ जण गेल्यानंतर. सत्तेला त्या गर्दीतील श्रद्धा हवी होती; त्या गर्दीतील शरीरांची काळजी घेणारे विज्ञान तिला आठवले नाही.

या मागोव्यातून एकच निष्कर्ष निघतो. या किनाऱ्यावर विवेक जिंकला तो माणसांना खिजवून किंवा नुसता उपदेश करून नव्हे, तर त्यांनी पाहिलेल्या गोष्टी आदराने ऐकून, स्वतःच्या शास्त्रालाही तितक्याच कठोरपणे तपासून आणि उपाय त्यांच्या दारापर्यंत नेऊन. ज्यांना या जिल्ह्यात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजावा असे मनापासून वाटते, त्यांनी पुढची सभा भरवण्याआधी आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र रात्री उघडे असते का, तेथे डॉक्टर राहतो का, आणि प्राझोसिन व प्रतिविष कपाटात आहे का, एवढे जाऊन पाहावे आणि नसेल तर ते मिळेपर्यंत स्वस्थ बसू नये.